पाण्याखाली जाण्याआधीची जमीन

इंग्लंडमध्ये स्टोनहेंजच्या शिलावर्तुळापासून एक प्राचीन मार्ग निघतो. त्याचा पुढचा माग नांगरटीने पुसून गेला होता. १९२३ साली पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी तो शोधून काढला, तो हवाई दलाकडे पडून असलेल्या १९२१ च्या फोटोंवरून. पिकात दोन समांतर रेघा उमटल्या होत्या. क्रॉफर्ड यांनी तिथे खणून पाहिलं, तर बुजलेले चर खरोखरच सापडले.

हे घडतं मातीमुळे. बुजलेल्या चरात माती खोल असते, ओल टिकते. तिथलं पीक उंच वाढतं आणि उशिरापर्यंत हिरवं राहतं. गाडलेल्या भिंतीवर ते लवकर पिवळं पडतं. बांधावर उभं राहून हा फरक विस्कळीत दिसतो, वरून मात्र आकृती जुळते. स्टोनहेंजजवळच गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाला १९२५ मध्ये विमानातून लाकडी खांबांच्या ‘वुडहेंज’ची जागा दिसली, आणि पुढच्या वर्षीच्या पिकात त्याची वर्तुळं अशीच उमटली.

फोटो काढणाऱ्याचा हेतू वेगळा असतो आणि फोटोत त्याच्या हेतूबाहेरचंही सगळं येतं. मला जुन्या हवाई छायाचित्रांचं सर्वांत मोठं मोल यातच वाटतं. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात लष्करी तळ टिपण्यासाठी फिल्म खर्ची घातली. फिल्मची कुपी पॅराशूटने खाली यायची आणि विमान ती हवेतल्या हवेत झेलायचं. १९९५ मध्ये आठ लाख साठ हजारांहून अधिक चित्रं खुली झाली. त्यांत क्षेपणास्त्रांच्या तळांसोबत विहिरी, बांध, पाणंदी आणि गावठाणंही आली. ईशान्य सीरियात पुरातत्त्वज्ञ जेसन उर यांनी याच चित्रांवरून कांस्ययुगीन वसाहतींभोवतीच्या खोलगट वाटांचं जाळं आखलं.

आपल्यासाठी हा काळ फार महत्त्वाचा आहे. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं, उजनी १९८० मध्ये. कोरोनाचा शेवटचा उपग्रह त्याआधीच थांबला होता. म्हणजे पैठणच्या वरची गोदावरी आणि पळसदेवच्या परिसरातली भीमा, दोन्ही जलाशय भरण्याआधीच्या रूपात या फिल्मवर शोधता येतात. विमानातून काढलेले आपले जुने फोटो सर्वे ऑफ इंडियाकडे असतात, पण त्यांच्यावर दीर्घकाळ सुरक्षेचे निर्बंध राहिले आहेत. त्यामुळे घरबसल्या हाती लागणारा पहिला स्रोत कोरोनाच. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ‘अर्थ एक्स्प्लोरर’वर नकाशात आपला भाग निवडायचा आणि खुल्या झालेल्या चित्रांचा विभाग तपासायचा. आधीच स्कॅन झालेली चित्रं मोफत उतरवता येतात. न झालेल्यांसाठी शुल्क पडतं. पावसाळ्यातल्या चित्रांत बहुधा ढगच भेटतात. दिवाळीनंतरच्या महिन्यांतली आधी बघावीत.

चित्र उघडलं की गाव शोधायला जाऊ नये, आधी नदीचं वळण शोधावं. रस्ते बदलतात, डोंगराच्या सोंडा आणि नदीचे बाक सहसा जागचे हलत नाहीत. ही चित्रं लांबट पट्ट्यांची असतात, कडेला ताणली जातात आणि उत्तर दिशा वर असेलच असं नाही. सावल्यांकडेही लक्ष ठेवावं. चित्र असं फिरवावं की सावली आपल्याकडे पडेल. नाहीतर खड्डा टेकाडासारखा भासतो आणि ओढा उंचवट्यासारखा. नंतरच्या बऱ्याच मोहिमांत पुढे आणि मागे रोखलेले दोन कॅमेरे होते. तशा जोडीची दोन चित्रं स्टिरिओस्कोपखाली ठेवली की जमिनीचा चढउतार उठून दिसतो.

दख्खनमध्ये माझी नजर सर्वांत आधी पांढरी शोधते. जुन्या वस्तीची राखट माती काळ्या रानात फिकट डागासारखी उमटू शकते. घोड नदीकाठच्या इनामगावात अशाच पांढरीच्या टेकाडांत डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन करून ताम्रपाषाणयुगातलं गाव उजेडात आणलं. अशी टेकाडं खतासाठी माती उकरून नेल्याने आणि सपाटीकरणाने झिजत गेली आहेत, म्हणून ती शाबूत असतानाचं चित्र मोलाचं. अर्थात प्रत्येक फिकट डाग पांढरी नसतो. खळं असेल, चुनखडीची जमीन असेल. तिथे जाऊन खापरं दिसतात का, ते पाहिल्याशिवाय काही म्हणू नये. खापरं दिसली तर ती उचलू नयेत, जागेची नोंद करावी.

बुडालेल्या गावांच्या बाबतीत मात्र घाई करायला हवी. ज्यांनी ती रानं कसली, ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. चित्राची मोठी छापील प्रत घेऊन त्यांच्याकडे जावं. बोट ठेवून ते सांगतील, ही आमची मोटेची विहीर, इथून उतार होता, ही देवाची जमीन. प्रतीवर ट्रेसिंग कागद ठेवून प्रत्येक जागेशी त्यांनी सांगितलेलं नाव लिहावं. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचं नाव आणि तारीखही टाकावी.