वाकड्या घराची सरळ गोष्ट

दोस्तांनो, 'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच. पण अंगणच काय, अख्खं घरच वाकडं असेल तर? इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात, हिमली गावाजवळ असं एक घर होतं. त्याचं नावच 'क्रुकेड हाऊस', म्हणजे वाकडं घर!

१७६५ साली हे विटांचं घर बांधलं गेलं, ते शेतावरचं घर म्हणून. तेव्हा ते चांगलं सरळ होतं, बरं का! पण खाली जमिनीत होता दगडी कोळसा. तो काढायला खाणी खोदल्या, जमीन आतून पोकळ झाली आणि खचत गेली. घराची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे चार फूट खाली गेली. म्हणजे जवळजवळ तिसरीतल्या मुलाच्या उंचीइतकी!

१८३० च्या सुमारास तिथं पब सुरू झाला. इंग्लंडच्या खेड्यात पब म्हणजे नुसतं बिअर पिण्याचं ठिकाण नव्हे. गावकरी तिथं जमतात, जेवतात, गप्पा मारतात. १९४० च्या दशकात हे घर धोकादायक ठरलं होतं. पण ते पाडलं नाही. विटांचे भक्कम टेकू आणि लोखंडी गर्डर देऊन त्याला सावरलं. सरळ मात्र केलं नाही!

आत गंमतच असायची. टेबलावर गोटी ठेवली, की ती चढ चढताना दिसायची. जादू? छे! भिंती, खिडक्या सगळंच कललेलं. आपले डोळे मात्र 'भिंत म्हणजे सरळच' असं धरून चालतात. म्हणून खरा उतार त्यांना चढ वाटतो. गोटी काही फसत नाही, ती उतारावरूनच जाते. गवंडीकाकांचा ओळंबा तिथं टांगला असता, तर डोळ्यांची चूक लगेच पकडली गेली असती.

पण ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री घराला आग लागली. दोनच दिवसांत उरलेल्या भिंतीही पाडल्या गेल्या. सगळं घर पाडायला स्थानिक परिषदेची परवानगी नव्हती. ते संरक्षित इमारतींच्या यादीतही नव्हतं. त्यासाठी अर्ज गेला होता, निर्णय तेवढा व्हायचा होता! लोक फार हळहळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये परिषदेनं मालकांना आदेश दिला, "होतं तसंच पुन्हा बांधा." मालकांनी त्याविरुद्ध अपील केलं.

पाडलेला पब पुन्हा उभा राहतो का हो? राहतो! लंडनचा 'कार्लटन टॅव्हर्न' २०१५ मध्ये विनापरवाना पाडला गेला होता. तो पुन्हा बांधावा लागला आणि २०२१ मध्ये उघडला.

पण वाकडं घर वाकडंच बांधायचं, तर प्रत्येक भिंत किती कलली होती हे आधी कळायला हवं. त्यासाठी लागतात जुनी मोजमापं, फोटो, चित्रं. तेव्हा दोस्तांनो, तुमच्या आवडीची एखादी जुनी इमारत असेल, तर तिचं चित्र काढा, दारं-खिडक्या मोजा, तारीख घालून वही जपून ठेवा. पण हे काम ती उभी आहे तोवरच करता येतं, हं!