कोळशाचे वय मोजायची प्रयोगशाळा

पुणे जिल्ह्यातील इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या घरांबरोबर तिथे जळके धान्य आणि कोळसाही सापडला. असा कोळसा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा आहे, हे कसे ठरवतात? त्यासाठी प्रयोगशाळा उभारायची तर काय काय लागेल, ते पाहू.

सजीवांच्या शरीरातील कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ अत्यल्प प्रमाणात असतो. झाड तोडले की त्याचा पुरवठा थांबतो आणि असलेला साठा दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. ताज्या लाकडातील १ ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला सुमारे १४ अणू फुटतात, तर साडेतीन हजार वर्षे जुन्या कार्बनमध्ये सुमारे ९.

म्हणजे मोजायच्या त्या नऊ नोंदी. पण आकाशातून येणारे विश्वकिरण आणि भिंतींमधील किरणोत्सारी अणू यांच्या नोंदी त्याहून कितीतरी जास्त होतात. भर बाजारात कुजबुज ऐकण्यासारखेच हे! म्हणून काउंटरभोवती लोखंडाची जाड भिंत रचतात. तीही भेदून येणाऱ्या विश्वकिरणांसाठी मुख्य काउंटरभोवती आणखी काउंटरांचे कडे करतात. कडे आणि मुख्य काउंटर यांत एकाच क्षणी नोंद झाली, तर ती बाहेरून आलेली. ती सोडून द्यायची. हे तंत्र वापरणाऱ्या विलर्ड लिबी यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे काम स्वच्छतेचे. कोळशातली बारीक मुळे चिमट्याने वेचतात. विरल आम्लाने चुना आणि विरल अल्कलीने मातीतील सेंद्रिय द्रव्ये धुऊन काढतात. एवढी काळजी कशासाठी? दगडी कोळशात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. पण त्यात आजचा कार्बन १ टक्का जरी मिसळला, तरी कोट्यवधी वर्षांचा तो कोळसा ३८ हजार वर्षांचा भासेल! साफ केलेला नमुना जाळून त्याचा वायू करतात आणि तो काउंटरमध्ये भरतात. दगडी कोळशापासून केलेला वायूही मोजतात. तेच या प्रयोगशाळेचे 'शून्य'.

मग धीर धरायचा. १ टक्का अचूकतेसाठी सुमारे १०,००० नोंदी हव्यात. मिनिटाला ९ या वेगाने त्याला साडेअठरा तास लागतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात अशी प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. आता त्वरणयंत्राने कार्बन-१४ चे अणूच मोजता येतात आणि मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. पण जाळलेला नमुना परत मिळत नाही, ही गोष्ट तशीच आहे. म्हणूनच आधी धुणे, मग शून्य तपासणे आणि शेवटी मोजणे, हा क्रमही बदललेला नाही.