आघातानंतरचा रोजगार : आकड्यांआडचे स्थित्यंतर

अर्थव्यवस्थेला मोठा धक्का बसला की उत्पादन, बाजारभाव आणि व्याजदर यांची चर्चा सर्वप्रथम सुरू होते. काही काळाने हे निर्देशांक सावरतातही. श्रमाचा बाजार मात्र इतक्या सहजतेने सावरत नाही. मालाला उठाव नसेल तर तो गोदामात ठेवता येतो. श्रम साठवून ठेवता येत नाहीत. कामाविना गेलेला दिवस कामगाराच्या हातून कायमचा जातो आणि संध्याकाळी चूल तर पेटवावीच लागते. बेकारभत्त्याची व्यापक व्यवस्था नसलेल्या आपल्या देशात नोकरी गमावलेला माणूस फार काळ रिकामा बसू शकत नाही. तो मिळेल ते काम पत्करतो. श्रमबाजाराचे समायोजन येथे बहुतांशी याच मार्गाने होते.

बेकारी घटली, तरीही...

२५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी बेकारीचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवर पोहोचले. तथापि याच सर्वेक्षणाचे वार्षिक आकडे वेगळेच चित्र दाखवतात. २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के असलेली बेकारी २०२०-२१ मध्ये ४.२ टक्क्यांपर्यंत उतरली.

ही विसंगती मोजमापाच्या पद्धतीतून उलगडते. तिमाही आकडा मागील एका आठवड्यातील स्थिती पाहतो, तर वार्षिक आकडा संपूर्ण वर्षातील नेहमीची स्थिती विचारात घेतो. वर्षभरात कमीअधिक काम केलेली व्यक्ती, मग ते काम घरच्या शेतावरील बिनपगारी का असेना, रोजगार असलेल्यांत गणली जाते. म्हणूनच बेकारीच्या दरापेक्षा माणसे कोणत्या कामात गेली, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

याच दोन वर्षांत एकूण रोजगारातील शेतीचा वाटा ४२.५ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेला. नियमित पगारदारांचा वाटा २३.८ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर आला. घरच्या व्यवसायात मोबदल्याविना हातभार लावणाऱ्यांचे प्रमाण १३.३ टक्क्यांवरून १७.३ टक्क्यांवर पोहोचले. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेखाली २०२०-२१ मध्ये सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. आदल्या वर्षी ते सुमारे २६५ कोटी होते. शहराने नाकारलेल्या हातांना गावाने सामावून घेतले, हे खरे. परंतु चौघांच्या शेतीत सहा जण राबू लागले म्हणून पीक दीडपट होत नाही. तेच उत्पन्न अधिक जणांत वाटले जाते.

विशेष म्हणजे धक्का ओसरल्यावरही घड्याळाचे काटे पूर्ववत झाले नाहीत. २०२३-२४ मध्येही शेतीचा वाटा ४६.१ टक्के, तर पगारदारांचा २१.७ टक्के होता.

गिरणगावचा धडा

असे स्थित्यंतर किती दीर्घ असू शकते, हे मुंबईच्या गिरणगावाने पूर्वीच अनुभवले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. कापडाची मागणी मात्र थांबली नव्हती. विणकामाचा यंत्रमागाकडे आधीच सुरू झालेला ओघ वाढला आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील मागांची धडधड वाढत गेली.

काम उरले, पण त्याचे स्वरूप पालटले. गिरणीतील कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांच्या जागी कापडाच्या मीटरवर ठरणारी मजुरी आली. गिरणी सुटलेल्या कामगारांपैकी कोणी फेरीवाला झाला, कोणी पहारेकरी, तर कोणी कोकणातील वा घाटावरील गावी परतला. अनेक घरांत स्त्रियांच्या मिळकतीवर संसार तरला.

पुढे लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये आणि विक्रीसंकुले उभी राहिली. रोजगार त्याच परिसरात परतला. परंतु साचा सांभाळण्यात हयात घालवलेल्या पन्नाशीच्या कामगाराला संगणकापुढील खुर्ची मिळणे शक्य नव्हते. नवे काम पदवीधर तरुणांच्या वाट्याला आले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने समायोजन पूर्ण झाले, पण ज्यांनी गमावले त्यांनाच ते परत मिळाले नाही. श्रमबाजार पिढ्यांच्या हिशेबाने सावरतो, कुटुंबाला मात्र महिन्याच्या हिशेबाने जगावे लागते.

बँकव्यवहाराशी संबंध

या तफावतीचे प्रतिबिंब बँकेच्या खातेवहीत स्पष्ट उमटते. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातील कर्जहप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. व्याजाची आकारणी मात्र चालू होती. सहा महिन्यांची सवलत तात्पुरत्या अडचणीवरील उपाय होय. पगारदार कर्जदार स्वयंरोजगाराकडे वळला असेल, तर त्याचे उत्पन्न अनियमित झालेले असते आणि हप्त्यांची रचनाच नव्याने करावी लागते. पगाराची जमा थांबून तुटक रोख भरणा सुरू झाला, तर तो केवळ थकबाकीचा इशारा नसून खातेदाराच्या उपजीविकेतील बदलाची खूण असू शकते, हे कर्मचाऱ्यांनी ध्यानी घ्यावयास हवे.

नव्या कामासाठी भांडवल लागते, तेही लहान प्रमाणात आणि वेळेवर. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना प्रारंभी १०,००० रुपयांपर्यंत विनातारण खेळते भांडवल देण्यात आले. हातगाडीवर पुन्हा माल मांडण्यासाठी एवढी रक्कमही मोलाची ठरते.

खातेदारांच्या दृष्टीनेही यातून काही बोध घेण्यासारखा आहे. काही महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम सहज काढता येईल अशा ठेवीत असावी. नोकरी बदलताना भविष्यनिर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावा. ज्याच्या गाठीशी अशी शिल्लक असते, त्याला पडेल ते काम पहिल्याच आठवड्यात स्वीकारावे लागत नाही. आपल्या कौशल्याला साजेशा कामाची वाट पाहण्याची किंवा नवे कौशल्य शिकण्याची मुभा त्याला मिळते. आघातानंतर मिळणाऱ्या कामाचा दर्जा पुष्कळदा या थोड्याशा उसंतीवरच ठरतो.