रिव्हिएरा

रिव्हिएरा : भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील, आग्नेय फ्रान्स व वायव्य इटली या देशांत पसरलेला, सौम्य हवामानासाठी व सृष्टिसौंदर्यासाठी विख्यात असलेला अरुंद किनारी प्रदेश. मोनाको हे छोटे राज्य याच प्रदेशात येते. या प्रदेशाच्या लौकिकामुळे ‘रिव्हिएरा’ ही संज्ञा पुढे जगातील कोणत्याही उबदार, विलासी व प्रतिष्ठित पर्यटनकिनाऱ्यास लावण्यात येऊ लागली. मुळात केवळ ‘काठ’ एवढाच अर्थ असलेला हा शब्द गेल्या सु. अडीचशे वर्षांत आरोग्यधाम, हिवाळी निवास, उन्हाळी विहारस्थान आणि अखेर व्यापारी जाहिरातीतील बिरुद अशा अवस्थांतून गेला आहे.

व्युत्पत्ती व मूळ अर्थ : लॅटिन भाषेतील ‘रीपा’ म्हणजे काठ किंवा तीर. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘रिपारिया’ हे रूप झाले व त्यापासून इटालियन ‘रिव्हिएरा’, फ्रेंच ‘रिव्हिएर’ आणि इंग्रजी ‘रिव्हर’ हे शब्द आले. फ्रेंच व इंग्रजी भाषांत अर्थ काठावरून प्रवाहाकडे सरकला व शब्द नदीचा वाचक बनला. इटालियन भाषेत मात्र तो काठाशीच निगडित राहिला. मराठीतील ‘काठ’ अथवा ‘तीर’ हे शब्द ज्याप्रमाणे नदी, तळे व समुद्र या सर्वांना लागू पडतात, त्याचप्रमाणे इटालियन रिव्हिएराही केवळ समुद्राचा नसतो. व्हेनिसनजीक ब्रेंता नदीच्या आणि उत्तरेत गार्दा सरोवराच्या काठच्या प्रदेशांनाही हे नाव आहे.

विशेषनाम म्हणून हा शब्द जेनोआच्या प्रजासत्ताकात रूढ झाला. जेनोआ शहर मध्यवर्ती मानून त्याच्या दोन्ही अंगांच्या किनाऱ्यांना ‘रिव्हिएरा दी लेव्हांते’ व ‘रिव्हिएरा दी पोनेंते’, म्हणजे अनुक्रमे उगवतीकडील काठ व मावळतीकडील काठ, असे म्हणत. पूर्वेकडील भाग ला स्पेत्स्यापर्यंत जातो व त्यात रापाल्लो, पोर्तोफीनो आणि चिंक्वे तेर्रे ही पाच गावे मोडतात. पश्चिमेकडील भाग व्हेंतिमील्यापर्यंत जातो व त्यात सव्होना, अलास्यो, सान रेमो व बोर्दिगेरा ही स्थळे येतात. या नावांत सौंदर्याची वा सुखसोयींची कोणतीही सूचना नव्हती. ती दिशादर्शक व प्रशासकीय नावे होती. किंबहुना दान्ते या महाकवीने ‘पुर्गातोर्यो’मध्ये एका दुर्गम कड्याचे वर्णन करताना लेरिची व ला तुर्बी यांमधील उजाड, खडकाळ भूमीचाच दाखला दिला आहे. ही दोन्ही स्थळे आजच्या रिव्हिएरावरील आहेत. त्या काळी हा किनारा दारिद्र्य व दुर्गमता यांचे उदाहरण होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

नैसर्गिक परिस्थिती : सागरी आल्प्स व लिग्यूरियन ॲपेनाइन्स या पर्वतरांगा येथे समुद्राच्या अगदी लगत आल्या आहेत. त्यांमुळे उत्तरेकडील थंड वारे अडविले जातात आणि ऱ्होन खोऱ्यातून वाहणाऱ्या मिस्त्राल वाऱ्याचा जोरही पूर्वेकडे कमी होत जातो. समुद्राच्या सान्निध्याने हिवाळा सौम्य राहतो. नीस येथील जानेवारीचे सरासरी तापमान सु. ९° से. असते. ऑलिव्ह, लिंबू, द्राक्षे व फुले ही येथील परंपरागत उत्पादने. सपाट जमीन थोडी असल्याने शेतकऱ्यांनी डोंगरउतारांवर दगडी बांधांच्या पायऱ्या रचून शेती केली. आज पर्यटकांना जे दृश्य नयनरम्य वाटते, ते बऱ्याच अंशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या या कष्टांचे फलित आहे.

आरोग्यधाम : या किनाऱ्याकडे बाहेरच्यांचे लक्ष प्रथम वेधले गेले, ते प्रकृतिस्वास्थ्याच्या निमित्ताने. स्कॉटिश लेखक व वैद्य टोबायस स्मॉलेट हा १७६३ ते १७६५ या काळात नीस येथे राहिला व १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने तेथील हवामानाची बारकाईने नोंद केली. नीस त्या वेळी सॅव्हॉय घराण्याच्या सत्तेखाली होते. १८२० नंतरच्या दशकात तेथील इंग्रज रहिवाशांच्या देणग्यांतून समुद्रकाठी एक पायवाट तयार झाली. तीच पुढे ‘प्रॉमनाद देझांग्ले’ (इंग्रजांचा विहारमार्ग) म्हणून प्रसिद्धीस आली. १८३४ मध्ये ब्रिटिश मुत्सद्दी लॉर्ड ब्रूम याला पटकीच्या साथीमुळे व्हार नदीवरील सरहद्दीवर अडविण्यात आले. मागे परतून तो कान या कोळ्यांच्या गावी थांबला, तेथेच त्याने घर बांधले आणि १८६८ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. कानच्या भरभराटीचा आरंभ या घटनेपासून मानतात.

जेम्स हेन्‍री बेनेट हा इंग्रज डॉक्टर स्वतः क्षयाने आजारी असताना १८५९ मध्ये माँताँ येथे आला व बरा झाला. त्याच्या १८६१ मधील ग्रंथामुळे माँताँ हे क्षयरोग्यांचे आशास्थान बनले. तत्पूर्वी १८५५ मध्ये जोव्हान्नी रुफ्फीनी याच्या ‘डॉक्टर अंतोन्यो’ या इंग्रजी कादंबरीने बोर्दिगेरा व त्याचा परिसर इंग्रज वाचकांच्या परिचयाचा केला होता. या आशेची दुसरी बाजू माँताँच्या जुन्या दफनभूमीत दिसते. तेथे युरोपच्या अनेक देशांतून आलेल्या तरुण रुग्णांची थडगी आहेत. इतिहासकार जॉन रिचर्ड ग्रीन (१८८३) व चित्रकार ऑब्री बिअर्डस्ली (१८९८) यांचे अखेरचे दिवस याच गावी गेले. रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूंचा शोध लावल्यावर हा रोग सांसर्गिक असल्याचे निश्चित झाले. त्यानंतर हॉटेलांत क्षयरोग्यांना स्थान देण्याबाबत नाखुशी वाढली व त्यांचा ओघ हळूहळू आल्प्समधील दाव्होससारख्या आरोग्यधामांकडे वळला.

हिवाळी हंगाम व नावाचा विस्तार : १८६० मध्ये नीस परगणा सार्डिनियाच्या राज्यातून फ्रान्सकडे गेला. माँताँ व रोकब्रून १८६१ मध्ये मोनाकोकडून फ्रान्सला मिळाले. राजकीय सरहद्द अशी पूर्वेकडे सरकत असतानाच ‘रिव्हिएरा’ हा शब्द उलट दिशेने पश्चिमेकडे पसरला. इंग्रज प्रवासी तो जेनोआच्या हद्दीपलीकडील नीस, कान व येर या स्थळांनाही लावू लागले आणि फ्रेंच रिव्हिएरा व इटालियन रिव्हिएरा असा नवा भेद रूढ झाला. फ्रेंचांनी स्वतः वेगळे नाव पसंत केले. स्तेफां ल्येझार या लेखकाने १८८७ मध्ये ‘ला कोत द’आझ्यूर’ (निळाईचा किनारा) हे पुस्तक प्रसिद्ध केले. ल्येझार मूळचा बर्गंडीतील दीझाँचा. तेथील ‘कोत-दोर’ या प्रांतनामाच्या धर्तीवर त्याने हे नाव बनविले.

लोहमार्ग १८६३ मध्ये कानला व १८६४ मध्ये नीसला पोहोचला. मोनाकोत फ्रांस्वा ब्लां याने १८६३ मध्ये द्यूतगृहाचा कारभार हाती घेतला व १८६६ मध्ये त्या टेकडीस माँटी कार्लो हे नाव देण्यात आले. रशियन, जर्मन व इंग्रज राजघराण्यांतील व्यक्ती हिवाळ्यात येथे येऊ लागल्या. व्हिक्टोरिया राणी १८८२ मध्ये माँताँ येथे आणि १८९५ ते १८९९ या काळात प्रतिवर्षी नीसच्या सिम्ये भागात राहिली. तिच्या परिवारात मुनशी अब्दुल करीम यांच्यासह भारतीय सेवकही असत. उन्हाळ्यात मात्र ही हॉटेले बंद असत.

उन्हाळी हंगाम : पहिल्या महायुद्धानंतर ऋतूंचा हा क्रम उलटला. १९२३ च्या उन्हाळ्यात अँतीब येथील एक प्रख्यात हॉटेल जेरल्ड व सेअरा मर्फी या अमेरिकन दांपत्याच्या आग्रहावरून अंशतः उघडे ठेवण्यात आले. त्यांच्या वर्तुळातील एफ्‌. स्कॉट फिट्‌सजेरल्ड याच्या ‘टेंडर इज द नाइट’ (१९३४) या कादंबरीस या वातावरणाची पार्श्वभूमी आहे. पूर्वी गोरी, उन्हाने न रापलेली कांती उच्चकुलीनतेचे लक्षण समजली जाई, कारण उन्हात राबावे लागे ते शेतमजुरांना. कष्टकरी वर्ग कारखान्यांच्या छताखाली गेल्यावर रापलेली कांतीच फुरसतीची खूण ठरली. १९३६ च्या फ्रेंच कायद्याने कामगारांना वर्षातून दोन आठवडे भरपगारी रजा मिळाली आणि सामान्य लोकांनाही किनारा हळूहळू खुला झाला.

कान येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९३९ मध्ये योजिला होता. परंतु युद्धामुळे तो १९४६ मध्ये प्रथम भरला. त्या वर्षीच्या सर्वोच्च पुरस्काराच्या मानकऱ्यांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ हा चित्रपट होता. व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’ (१९५१) या मराठी चित्रपटाचा १९५२ च्या महोत्सवातील स्पर्धेत समावेश झाला होता.

सामान्यनाम म्हणून प्रसार : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इतर किनाऱ्यांना हे नाव देण्याची प्रथा वाढली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळात ओपात्या (आता क्रोएशियात) हे ‘ऑस्ट्रियन रिव्हिएरा’ समजले जाई. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९०४ मध्ये लंडन-पेंझन्स गाडीला कॉर्निश रिव्हिएराचे नाव दिले. डेव्हनमधील टॉर्बे परिसर ‘इंग्लिश रिव्हिएरा’, तर जिनीव्हा सरोवराकाठचा माँत्रो-व्हेव्हे परिसर ‘स्विस रिव्हिएरा’ म्हणविला जातो. बहुतेक ठिकाणी हे नाव रहिवाशांनी नव्हे, तर रेल्वे, हॉटेल व पर्यटन व्यवसायांनी दिले वा रुजविले. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील ‘रिव्हिएरा माया’ हे नाव १९९० नंतरच्या दशकात असेच प्रचारात आले. अमेरिकेत ब्यूइक मोटारींच्या एका प्रकारालाही हे नाव मिळाले. तेथेच मेक्सिको आखातावरील स्वस्त विहारस्थानांना उद्देशून ‘रेडनेक रिव्हिएरा’ असा थट्टेखोर प्रयोगही आढळतो.

हा शब्द एखाद्या किनाऱ्याकडे बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीचा वाचक झाला आहे. याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांनी ४ फेब्रुवारी २०२५ रोजी केलेले विधान. युद्धाने उद्ध्वस्त झालेली गाझा पट्टी अमेरिकेने ताब्यात घ्यावी, तेथील पॅलेस्टिनी रहिवाशांना अन्यत्र हलवावे व त्या भूमीचा ‘मध्यपूर्वेतील रिव्हिएरा’ बनवावा, अशी ती कल्पना होती. पॅलेस्टिनी नेत्यांनी व अरब राष्ट्रांनी ती फेटाळली. ‘रिव्हिएरा’ म्हणजे मुळात काठ. या प्रयोगात मात्र काठ राहतो व वस्ती वगळली जाते.

आधुनिक समस्या : मूळ रिव्हिएरावरही लौकिकाची किंमत मोजावी लागली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर किनाऱ्यालगत इतकी दाट बांधकामे झाली, की अनिर्बंध सिमेंटीकरणासाठी इटालियन भाषेत रापाल्लोच्या नावावरून ‘रापाल्लिझ्झाझ्योने’ असा शब्द निघाला. फ्रान्समध्ये १९८६ च्या किनारा कायद्यान्वये नागरी वस्तीबाहेर किनाऱ्यापासून १०० मी. पर्यंत नव्या बांधकामांस सर्वसाधारणपणे मनाई आहे. चिंक्वे तेर्रेमध्ये शेतीचे बांध ओस पडत गेल्याने उतार अस्थिर झाले आहेत. २५ ऑक्टोबर २०११ रोजी तेथील मोंतेरोस्सो व व्हेर्नात्सा ही गावे महापुराने व दरडींनी उद्ध्वस्त झाली, पुढे ती पुन्हा उभारण्यात आली. युनेस्कोने जागतिक वारसास्थळांत १९९७ मध्ये चिंक्वे तेर्रे परिसराचा आणि २०२१ मध्ये ‘रिव्हिएरावरील हिवाळी विहारनगर’ म्हणून नीसचा समावेश केला. पहिल्या स्थळाचे महत्त्व तेथे राबणाऱ्यांमुळे, तर दुसऱ्याचे तेथे विश्रांतीस येणाऱ्यांमुळे आहे. शब्दाच्या इतिहासातील दोन्ही अर्थांची त्यात नोंद झाली आहे. लिग्यूरियात मात्र जेनोआच्या दोन्ही अंगांचे काठ आजही लेव्हांते व पोनेंते या जुन्याच नावांनी ओळखले जातात.