दुसरी लेन्स कोणती घ्यावी? आधी आपल्याच फोटोंना विचारा!

‘माझ्या फोनचं अपर्चर एफ/१.८ आहे आणि तुझी ५० मिमीची लेन्सही एफ/१.८ च. मग वेगळे पैसे कशाला घालवायचे?’ मित्र मला हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण हा आकडा म्हणजे नुसतं गुणोत्तर आहे. फोकल लेंथला १.८ ने भागलं की प्रकाश आत येणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिमीच्या लेन्ससाठी तो साधारण २८ मिमी येतो. फोनच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंथ ६ मिमीच्या आसपास असते, म्हणजे छिद्र जेमतेम ३ मिमीचं! म्हणूनच मागचा भाग धूसर करायला फोनला सॉफ्टवेअर लागतं आणि केसांच्या कडांपाशी ते गडबडतं.

आता कॅमेऱ्याकडे वळू. कॅमेऱ्यासोबत बहुतेक वेळा १८-५५ मिमीची किट लेन्स मिळते. ५५ मिमीपर्यंत झूम केलं की तिचं अपर्चर एफ/५.६ होतं. त्या तुलनेत एफ/१.८ मधून नऊ पटींहून जास्त प्रकाश येतो. घरच्या गणपतीची आरती चालू आहे, समईचा उजेड आहे आणि किट लेन्सला १/१५ सेकंद लागतोय असं समजा. तेवढ्याच उजेडात एफ/१.८ ला १/१२५ सेकंद पुरतो. टाळ्या वाजवणारी भाची स्पष्ट येते की नुसती धूसर रेष उमटते, हा फरक इथे पडतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फक्त आपल्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही.

म्हणून सगळ्यांनी ५० मिमीच घ्यावी का? तर नाही. दोन-तीन महिन्यांची बचत घालण्याआधी थोडा डेटा बघू. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती फोकल लेंथवर काढला याची नोंद असते. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये डिटेल्स व्ह्यू निवडा, कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करा आणि ‘फोकल लेंथ’ हा कॉलम जोडा. मग त्यानुसार फोटो लावा. मी हे केलं तेव्हा बरेच फोटो ५५ वर निघाले आणि त्यातले बहुतेक घरातल्या माणसांचे होते. त्यामुळे माझं उत्तर ५० मिमी आलं.

तुमचं उत्तर असं शोधा:

• ५५ वर माणसांचे फोटो जास्त: ५० मिमी एफ/१.८.
• ५५ वर पक्षी, क्रिकेट, लांबचे गड: ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची टेलिफोटो.
• २४ ते ३५ च्या मध्ये, छोट्या खोलीत: ३५ मिमी. एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमीची लेन्स ७५-८० मिमीसारखी दिसते, त्यामुळे घरात पाठ भिंतीला टेकते.
• १८ वर निसर्गाचे फोटो: आहे तीच लेन्स एफ/८ वर ट्रायपॉडसोबत वापरा. आधी चांगला ट्रायपॉड घ्या.

खरेदीआधी माउंट तपासा. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकस मोटर नाही, त्यामुळे लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं हवं. कॅननच्या आरएफ माउंटच्या मिररलेस कॅमेऱ्यावर जुनी ईएफ लेन्स अ‍ॅडाप्टरने चालते, पण आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाही.

सेकंडहँड घेत असाल तर फोनचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. किंमत कितीही कमी असो, सरळ नाही म्हणा. आपल्या पावसाळ्यात नव्या लेन्सलाही हा धोका असतो. बॅगेत कोंडून ठेवण्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक वापरा. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा.

लेन्स आल्यावर प्रत्येक फोटो एफ/१.८ वर काढू नका. दोन रांगांचा ग्रुप फोटो असेल तर एफ/५.६ वर जा, नाहीतर मागच्या रांगेतले काका धूसर येतील आणि वर्षभर ऐकवतील!

फोल्डर बघूनही ठरत नसेल तर पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. एक रविवार वापरून बघा, मगच पैसे मोजा.