निद्राकारी व अवसादरोधी औषधे

झोप आणणाऱ्या औषधांना निद्राकारी आणि अवसाद म्हणजे दीर्घकाळ टिकणारी, विकाराचे स्वरूप धारण केलेली खिन्नता कमी करणाऱ्या औषधांना अवसादरोधी औषधे म्हणतात. दोन्ही गटांतील औषधे मेंदूवर कार्य करतात व त्यांपैकी बरीचशी रात्री घ्यावयाची असल्यामुळे सामान्य व्यवहारात त्यांना सरसकट ‘झोपेच्या गोळ्या’ असेच म्हटले जाते. वस्तुतः ती भिन्न होत. निद्राकारी औषधाचा परिणाम सामान्यतः अर्ध्या ते एका तासात दिसतो आणि ते काही आठवडे रोज घेतल्यास ओसरू लागतो. याउलट अवसादरोधी औषधाचा गुण दिसू लागण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. हा कालभेद लक्षात न आल्यामुळे पहिले औषध महिनोन्‌महिने चालू राहते आणि दुसरे ‘गुण येत नाही’ म्हणून आठ दिवसांतच सोडून दिले जाते.

निद्रानाश हा पुष्कळदा अवसादाचेच एक लक्षण असतो. नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी, पहाटेच जाग येणे, सकाळी मन अधिक उदास असणे, अन्नावरील वासना उडणे, वजन घटणे व पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी न वाटणे ही लक्षणे एकत्र आढळल्यास अवसादाची शंका घ्यावी लागते. ‘झोप लागत नाही’ असे सांगणे ‘जगणे नकोसे झाले आहे’ असे सांगण्यापेक्षा सोपे असते. त्यामुळे रुग्ण पहिलीच तक्रार घेऊन येतो. अशा वेळी केवळ निद्राकारी औषध दिल्यास झोप सुधारते, पण मूळ विकार तसाच राहतो आणि आत्महत्येचे विचार मनात असलेल्या व्यक्तीच्या हाती गोळ्यांचा साठा येतो.

निद्राकारी औषधे : एमील फिशर व योझेफ फोन मेरिंग यांनी १९०३ मध्ये बार्बिटालाचे निद्राकारी गुणधर्म प्रसिद्ध केले. त्यानंतर सु. अर्धशतकभर बार्बिच्युरेटांचा वापर प्रचलित होता. त्यांची झोप आणणारी मात्रा व घातक मात्रा यांतील अंतर थोडे असल्यामुळे त्यांच्या अतिसेवनाने अनेक मृत्यू घडले. लेओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायाझेपॉक्साइड १९६० मध्ये व डायाझेपाम १९६३ मध्ये प्रचारात आले आणि बेंझोडायाझेपीन गटाने बार्बिच्युरेटांची जागा घेतली. ही औषधे मेंदूतील गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल या शामक द्रव्याचा परिणाम वाढवितात. एकटी घेतल्यास ती सहसा प्राणघातक होत नाहीत. मद्य किंवा अफूजन्य औषधे यांच्याबरोबर घेतल्यास मात्र श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. दीर्घ वापराने त्यांची सवय लागते व ती एकाएकी बंद केल्यास अस्वस्थता, कंप, क्वचित आचकेही येतात.

औषध शरीरात किती काळ टिकते, यालाही महत्त्व आहे. डायाझेपामाचा अर्धायुकाल २० ते ५० तास असून त्यापासून शरीरात तयार होणारी क्रियाशील द्रव्ये त्याहूनही अधिक काळ राहतात. त्यामुळे वृद्धांना दिवसा गुंगी येणे, पडणे व मांडीचे हाड मोडणे हे धोके संभवतात. झोल्पिडेमाचा अर्धायुकाल दोन-तीन तासच असतो. तथापि स्त्रियांच्या रक्तात ते सकाळीही अधिक प्रमाणात आढळत असल्यामुळे अमेरिकेत २०१३ मध्ये त्यांच्यासाठी प्रारंभिक मात्रा १० मिग्रॅ.वरून ५ मिग्रॅ. करण्यात आली. हे औषध घेऊन झोपेतच चालल्याच्या, इतकेच नव्हे तर मोटार चालविल्याच्याही घटना नमूद आहेत.

अवसादरोधी औषधे : यांचा शोध काहीसा योगायोगाने लागला. क्षयावरील इप्रोनियाझिडाने रुग्णांची मनःस्थिती उल्हसित होते, असे १९५२ मध्ये दिसून आले. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथे रोलांट कून यांनी छिन्नमानसाच्या रुग्णांना दिलेले इमिप्रामीन तेथे निरुपयोगी ठरले. पण अवसादात ते गुणकारी असल्याचे त्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. सर्पगंधेतील रेसर्पिनामुळे मेंदूतील सेरोटोनीन, नॉरॲड्रेनॅलीन इ. द्रव्ये घटतात व काही रुग्ण खिन्न होतात, असे त्याच दशकात आढळल्याने या द्रव्यांची उणीव म्हणजेच अवसाद, ही उपपत्ती पुढे आली. आज ती अपुरी मानली जाते.

इमिप्रामीन, ॲमिट्रिप्टिलीन इ. त्रिवलयी औषधांनी तोंडाला कोरड, मलावरोध व मूत्रावरोध होतो आणि अतिसेवनाने हृदयाचे ठोके घातकरीत्या अनियमित होतात. अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळालेले फ्ल्युओक्सेटीन व त्या गटातील नंतरची औषधे या दृष्टीने पुष्कळच सुरक्षित आहेत. परंतु ती झोप आणणारी नाहीत. फ्ल्युओक्सेटिनाने झोप बिघडतेही, म्हणून ते बहुधा सकाळी देतात. मळमळ व लैंगिक क्रियेतील मंदपणा हे त्यांचे नेहमीचे उपद्रव होत.

ॲमिट्रिप्टिलीन, ट्रॅझोडोन व मिर्टाझापीन यांनी पहिल्या रात्रीपासून गुंगी येत असल्याने ती अल्प मात्रेत निव्वळ झोपेसाठीही दिली जातात. येथे गैरसमजास जागा आहे. डॉक्सेपिनाची निद्रानाशावरील मात्रा ३ ते ६ मिग्रॅ., तर अवसादावरील नेहमीची मात्रा ७५ ते १५० मिग्रॅ. असते. अर्थात झोपेपुरती मात्रा घेणाऱ्याचा अवसाद त्या औषधाने बरा होत नाही.

उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत रुग्णावर लक्ष ठेवणे अत्यावश्यक असते. २५ वर्षांखालील रुग्णांत या काळात आत्महत्येचे विचार बळावू शकतात, असा इशारा अमेरिकेत या औषधांच्या वेष्टनावर छापला जातो. बरे वाटू लागल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवून मग वैद्याच्या देखरेखीखाली क्रमाक्रमाने कमी करतात. एकाएकी थांबविल्यास चक्कर, चिडचिड व निद्रानाश उद्भवतो.

भारतात डायाझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम व झोल्पिडेम ही औषधे २०१४ पासून अमलात आलेल्या ‘एच-१’ अनुसूचीत असून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्याला तीन वर्षे ठेवावी लागते. जुन्या चिठ्ठीवर किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ती घेण्याची प्रथा मात्र अद्याप नाहीशी झालेली नाही. जीर्ण निद्रानाशात अंथरुणात घालविण्याचा वेळ मर्यादित करणे, उठण्याची वेळ ठरावीक ठेवणे व झोपेविषयीच्या चिंतेचे निराकरण करणे, अशी मानसोपचारपद्धती आता प्रथम योजतात. तिचा परिणाम गोळीपेक्षा उशिरा जाणवतो, पण उपचार संपल्यानंतरही टिकतो.