धोक्याचे काम नाकारले तर भत्ता मिळतो का?



नोकरी गेलेल्या माणसाला भत्ता द्यावा आणि त्याने समोर आलेले योग्य काम घ्यावे, ही रीत पुष्कळ देशांत आहे. पण ते काम जीवावर बेतणारे असेल तर? आपली पुष्कळ मुले आज परदेशी आहेत, म्हणून अमेरिकेतला अनुभव आम्ही येथे सांगत आहोत.

तेथे बेकारी भत्त्याचे नियम राज्यागणिक वेगळे. योग्य काम नाकारले की भत्ता बंद; मात्र योग्य कोणते, हे ठरवताना प्रकृतीला किती धोका आहे तेही बघतात. २०२० साली कोविडची साथ आली आणि या नियमाचा कस लागला. नुसती भीती वाटते म्हणून नोकरी सोडली तर भत्ता नाही, असे केंद्रीय कामगार खात्याने सांगितले. मालकाने बोलावल्यावर कामावर न गेलेल्या कित्येकांचा भत्ता तुटला. घरात म्हातारे आईबाप असलेल्या माणसाने काय करावे? अखेर २५ फेब्रुवारी २०२१ रोजी खात्याने नियम सैल केला. कोविडचे सुरक्षा नियम न पाळणाऱ्या जागी काम नाकारून ज्यांचा भत्ता गेला, त्यांना साथीचा खास भत्ता मागील काळापासून खुला झाला. ती योजना सप्टेंबर २०२१ मध्ये संपली.

भत्त्याचा नव्हे, पण याच जातीचा एक जुना खटला आहे. १९७४ साली ओहायोतील एका कारखान्यात जमिनीपासून वीस फूट उंचीवरच्या जाळीतून पडून एक कामगार मेला. बाराच दिवसांनी त्याच जाळीवर चढायला दोघांनी नकार दिला. त्यांना सहा तासांच्या पगाराविना घरी धाडले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नकाराला संरक्षण देणारा सरकारी नियम उचलून धरला. आम्हाला त्या दोघांचे कौतुक वाटते.

आपल्या मॉरिशसमध्ये २०१९ च्या कामगार हक्क कायद्याने नोकरी गेलेल्यास पहिले तीन महिने मूळ पगाराच्या ९० टक्के, पुढचे तीन महिने ६० टक्के आणि नंतर बाराव्या महिन्यापर्यंत ३० टक्के ठरवून दिले. आपण होऊन राजीनामा देणाऱ्यास ते नाही. तेव्हा रागाच्या भरात राजीनामा लिहू नये. कामात धोका दिसला तर तारीख घालून मालकाला लेखी कळवावे, प्रकृतीचे कारण असेल तर डॉक्टरचा दाखला जोडावा, एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि काम सोडण्यापूर्वीच कामगार कचेरीत जाऊन विचारावे.